हेदवीचा कातळ कधी उघडा, कधी बंद?

हेदवीच्या उमामहेश्वराच्या देवळापाशी उभं राहून बहुतेक पाहुणे समोरच्या काळ्या कातळाकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "आत्ता तिकडे जाता येईल का हो?" गावातला जाणता माणूस हो किंवा नाही म्हणण्याआधी उलट विचारतो, "आज तिथी काय?"

पाहुण्याला या प्रश्नाचा समुद्राशी काय संबंध ते कळत नाही. तो सांगतो, "मागच्या शनिवारी आमचे मित्र आले होते. ते बारा वाजता अगदी टोकापर्यंत जाऊन आले. फोटो आहेत ना." फोटो खरे असतात. त्यात कातळ कोरडा असतो, लेकरं खळग्यातले खेकडे बघत असतात, पाणी लांब असतं. आणि आज, तोच वार, तेच बारा, तरी त्याच जागी फेस उसळत असतो.

मागच्या आठवड्याचा अनुभव इथे नुसता कुचकामी नाही, तो उलटा आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंतचं अंतरही सहा तासांचंच. म्हणजे बरोबर आठवड्याने, त्याच वाराला, त्याच वेळी पाणी नेमकं दुसऱ्या टोकाला असतं. शनिवार-रविवारी कोकणात उतरणाऱ्या माणसाने हे एवढं जरी लक्षात ठेवलं, तरी मित्राच्या फोटोवर विसंबून तो कातळावर पाय टाकणार नाही.

घळीत पाणी उडतं कसं

गुहागर तालुक्यातलं हेदवी ओळखलं जातं ते दोन गोष्टींसाठी. एक, डोंगरावरचं दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ. दुसरी, किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ. भरतीला या घळीत लाट शिरते, मोठा आवाज होतो आणि पाण्याचा स्तंभ माणसाच्या कितीतरी पट उंच उसळतो. तो बघायलाच लोक येतात.

इथला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांतलाच हा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो, त्यामुळे या दगडात उभ्या भेगा जागोजाग असतात. समुद्र अशा भेगेवर काम करत राहतो. लाटेबरोबर आलेली वाळू आणि गोटे भेगेच्या भिंती घासतात. भेगेत कोंडलेली हवा लाटेच्या दाबाने दगडाला पाचरीसारखी रेटते आणि लाट मागे सरली की एकदम सैल होते. हजारो वर्षं हे चाललं, की केसाएवढ्या भेगेची अरुंद, उंच भिंतींची घळ होते.

उघड्या किनाऱ्यावर आलेली लाट पसरते आणि पसरता पसरता तिचा जोर जिरतो. घळीत तिला पसरायला जागा नाही. मागून पाणी रेटा देतंय, दोन्ही बाजूंना दगड आहे, शेवटाला भिंत आहे, तेव्हा सुटकेची एकच वाट उरते, वर. शिमग्यातली पिचकारी आठवा. दट्ट्या हळू सारला तरी बारीक तोंडातून पाणी जोरात जातं, कारण तेवढंच पाणी कमी जागेतून निघायचं असतं. घळीत लाट दट्ट्याचं काम करते, आणि आत दाबली गेलेली हवा त्या पाण्याला आणखी वर फेकते.

घळीच्या काठावरच्या माणसाला धोका वाटतो तो वर उडणाऱ्या पाण्याचा. खरा धोका ते पाणी खाली आल्यावर सुरू होतो. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. वर गेलेलं सगळं पाणी काठावर आपटतं आणि उतार मिळेल तिकडून परत समुद्राकडे धावतं. त्यातला मोठा भाग परत घळीतच जातो. गुडघ्याएवढं पाणी असं पायाखालून ओढ घेऊ लागलं, की पोहता येणं न येणं हा प्रश्नच उरत नाही. उभं राहता येतं का, एवढाच उरतो.

इथे एक पेच आहे. गुलमर्गला बर्फावर घसरायचा उतार चांगला असेल तेव्हाच तो उघडा असतो. बामणघळीचं उलट आहे. ती बघण्यासारखी असते तेव्हाच तिच्या काठाचा कातळ बंद धरायला हवा. म्हणून माझं सांगणं असं, की ही जागा दोनदा बघावी. ओहोटीला जवळून, म्हणजे दगडाची घडण दिसते. भरतीला देवळाच्या बाजूच्या उंच, कोरड्या जागेवरून, म्हणजे पाण्याची ताकद दिसते. या दोन्हींची सरमिसळ करू नये. भरतीला जवळून बघण्याचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो.

तिथीला पाऊणने गुणा

आता तिथीकडे येऊ. कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी.

हे जमतं कसं? समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, थोडं सूर्य. आपलं घड्याळ सूर्यावर चालतं आणि भरती चंद्रावर. अमावास्येला चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्यापासून 12 अंश लांब गेला, की एक तिथी पुरी होते. म्हणजे तिथी हे चंद्र-सूर्यातलं अंतर मोजायचं मापच आहे. पृथ्वीला 360 अंश फिरायला 24 तास लागतात, तर 12 अंशांना 48 मिनिटं. जुन्या भाषेत बरोबर दोन घटका. दर तिथीला चंद्र डोक्यावर यायला 48 मिनिटं उशीर होतो, आणि त्याच्यामागून भरतीलाही. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून त्या दोन घटकांचा पाऊण तास झाला. हातात घड्याळ नसलेल्या माणसानेही ही वेळ सांगितली, कारण पंचांग घरोघर होतं.

हिशेब सुंदर आहे, पण ढोबळ आहे, आणि तो चुकतो तो कोणत्या बाजूला हे माहीत असायला हवं. महाराष्ट्र विसरणार नाही असा एक दिवस घेऊ. 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरायला जागा मिळाली नाही, कारण समुद्राला भरती होती. पौर्णिमा 21 जुलैला झाली होती, तेव्हा दिवस पंचमी-षष्ठीच्या सुमाराचा. हिशेबाने भरती पावणेचारला किंवा त्यानंतर यायला हवी. प्रत्यक्षात मुंबईत ती 2 वाजून 50 मिनिटांनी आली, 4.48 मीटरची. तासभर आधी.

कारण सूर्य. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दिवसांत सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या थोडी पुढे काम करते आणि भरतीला अलीकडे खेचते. अष्टमीनंतर ती उलट भरतीला मागे रेटते. दुसरी गोष्ट जागेची. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते. गोव्याला आधी, मग रत्नागिरीला, मग मुंबईला. मुंबईच्या वर्तमानपत्रात छापलेली वेळ मुंबईची असते, आणि हेदवीला पाणी त्याआधीच चढलेलं असतं. जो माणूस तेवढ्या वेळेवर विसंबून "अजून पाऊण तास आहे" म्हणतो, त्याच्याजवळ तो पाऊण तास नसतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. त्यातलं जवळच्या बंदराचं कोष्टक बघावं, आणि ते हाताशी नसेल तर तिथीच्या हिशेबातून तास-दीड तास सरळ वजा करावा.

चौकट: तिथीवरून ढोबळ अंदाज

अमावास्या, पौर्णिमा: भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास, ओहोटी पाच-साडेपाचला. पाणी जोरात.
चतुर्थी: हिशेबाने भरती तीनला, ओहोटी नऊला. प्रत्यक्षात हेदवीला बरीच आधी.
अष्टमी: भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमारास. पाणी मवाळ.
द्वादशी: भरती नऊला, ओहोटी तीनला.
या वेळा दिवसाला आणि रात्रीला, दोन्हीकडे लागू. कोष्टक मिळालं तर कोष्टकच खरं मानावं.

संकष्टीच्या दिवशी

या हिशेबातून हेदवीपुरती एक गोष्ट निघते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दशभुज गणेशाच्या दर्शनाला लोक कधी येतात? संकष्टीला, अंगारकीला, विनायकीला, माघी गणेश जयंतीला. सगळ्या चतुर्थ्या. आणि चतुर्थीची भरती ठरलेली आहे.

दिवस कसा जातो ते बघा. सकाळी दर्शन, आरती. मग कुणाचा उपास, कुणाचं जेवण. मग कुणीतरी म्हणतं, एवढ्या लांब आलोय तर बामणघळ बघून जाऊ. गाडी समुद्राकडे वळते ती दीड-दोनच्या सुमारास. तिथीचा हिशेब तीन म्हणतो, पण चतुर्थी ही पौर्णिमा-अमावास्येनंतरची तिथी असल्यामुळे भरती आधी येते, आणि रत्नागिरीचा किनारा मुंबईच्या आधी भरतो. त्यामुळे माणसं किनाऱ्यावर पोचतात ती पाणी चढून बसलेलं असताना किंवा शेवटचं चढत असताना. भर म्हणजे, उधाणाचा सर्वांत मोठा दिवस पौर्णिमा-अमावास्येचा नसतो, तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो. चतुर्थीला तो जोर पुरता उतरलेला नसतो.

ज्यांना संकष्टीलाच कातळावर उतरून घळ बघायची आहे, त्यांनी क्रम उलटा करावा. सकाळी लवकर, ओहोटी असताना आधी समुद्र, मग डोंगर चढून गणपती. दुपारी परत यायचं तर देवळाजवळ उभं राहून उसळणारं पाणी बघायला.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही

ओहोटीला कातळावर गेलेल्या माणसाची फसगत होते ती वेगामुळे. त्याला वाटतं, सहा तासांत पाणी चढणार, म्हणजे दर तासाला थोडं थोडं. तसं होत नाही. खलाशी एकूण चढ बारा भागांत मोजतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

समजा ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी 2.4 मीटर चढणार आहे. एक भाग 20 सेंटिमीटरचा. पहिल्या तासात पाणी वीतभर चढतं, तेही लाटांच्या ये-जामध्ये लक्षात येत नाही. माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते 60-60 सेंटिमीटर चढतं, म्हणजे मिनिटाला एक सेंटिमीटर. सपाट कातळावर उंचीतला एक सेंटिमीटर म्हणजे आडवा बराच पल्ला. दहा मिनिटांपूर्वी ज्या दगडावर चप्पल काढून ठेवली, तो दगड दिसेनासा होतो तो याच वेळी.

उधाण आणि भांग यांतला फरकही इथे धरायला हवा. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला ते काटकोनात असतात, ओढ एकमेकांना कापते, चढ-उतार कमी. त्याला भांग म्हणतात. हा चढ-उतार किनाऱ्यागणिक बदलतो. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ लांबवर पसरलेला आहे, तिथे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेला तो उथळ पट्टा अरुंद होत जातो आणि भरतीही कमी होत जाते. गोव्यात ती दोन-सव्वादोन मीटरच्या घरात असते. हेदवी या दोहोंमध्ये.

पण भांग आहे म्हणजे समुद्र शांत आहे, असं मात्र कुणी समजू नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. पंचांग उघडून बघितलं तर त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. महिन्यातलं सर्वांत मवाळ पाणी. महिनाही थंडीचा, वर्षातला सर्वांत शांत समुद्राचा. तिथी पाण्याची पातळी सांगते, त्याची ओढ आणि लाट सांगत नाही.

लाटेचं घड्याळ वेगळं

भरती पंचांगात असते, लाट नसते. लाट वाऱ्यातून येते, आणि तो वारा आपल्या अंगाला लागलेला असेलच असं नाही.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या महासागरात वर्षभर वादळं घोंघावत असतात. तिथे उठलेल्या लाटा वादळाला मागे टाकून उत्तरेला निघतात. दोन लाटांमध्ये 16-18 सेकंदांचं अंतर असलेला असा तांडा खोल समुद्रातून ताशी 50 किलोमीटरच्या आसपास पुढे सरकतो. सुमारे सात हजार किलोमीटर कापून तो पाच-सहा दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतो. तेव्हा इथे आकाश निरभ्र असतं, झावळी हलत नाही, आणि एकाएकी समुद्र आत घुसतो. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे आधी देते. मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात असाच इशारा होता, आणि 6 मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण बुडाले.

किनाऱ्यावर उभं राहून ही लाट ओळखता येते. एक लाट फुटली की मनात सेकंद मोजायला लागा. पुढची पाच-सात सेकंदांत आली तर ती जवळपासच्या वाऱ्याची. चौदा-पंधरा सेकंद किंवा जास्त लागले तर ती लांबून आलेली, तिच्यामागे पाणी खूप आहे. अशा दिवशी समुद्र मधल्या वेळात निवांत दिसतो, म्हणूनच तो जास्त फसवतो.

लाटा सारख्याही नसतात. इशाऱ्यात "दोन मीटरच्या लाटा" म्हटलेलं असतं तेव्हा तो आकडा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो. हजारेक लाटांमागे एखादी या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट निघते. दहा सेकंदांना एक या हिशेबाने हजार लाटा पावणेतीन तासांत येतात. घळीपाशी दुपार घालवली तर ती एक लाट तुमच्या वाट्याला येणार, हे नशिबावर सोडायचं प्रकरण नाही. शिवाय मोठ्या लाटा जथ्याने येतात. पाच-दहा मिनिटं काही नाही, आणि मग लागोपाठ तीन-चार. म्हणून दोन मिनिटं बघून "एवढंच येतंय" असं ठरवणं धोक्याचं. पंधरा-वीस मिनिटं उंचावर नुसतं बसून बघावं, आणि सर्वांत मोठ्या लाटेचं पाणी कुठवर चढलं ती खूण लक्षात ठेवावी.

भरती आणि लाट एकमेकींना कशा मदत करतात, हेही बघण्यासारखं आहे. लाट पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशाहून उंच राहू शकत नाही, त्याआधी ती फुटते. ओहोटीला कातळापुढचं पाणी उथळ असतं, मोठ्या लाटा बाहेरच्या खडपावरच फुटून जातात. भरतीने तिथे एक मीटर पाणी वाढवलं, की पाऊण मीटर जास्त उंचीची लाट न फुटता आत येऊ शकते. पाणीही वर आणि लाटही मोठी.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. जून-जुलैत रत्नागिरीसमोरच्या लाटा दोन ते चार मीटरच्या असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते ज्या दिवसांत त्याच्याजवळ जात नाहीत, त्या दिवसांत कातळ बंदच आहे. तिथीचा हिशेबही करू नये.

कातळ स्वतः काय सांगतो

कोष्टक नाही, पंचांग नाही, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी दगड वाचावा. ओहोटीला खडपावर कालवं काढायला जाणाऱ्या बायका तो रोज वाचतात.

पाण्याकडून वर येताना पहिला पट्टा हिरव्या-तपकिरी शेवाळाचा. हा भाग दिवसातला बराच वेळ पाण्याखाली असतो. त्याच्या वर दगडाला चिकटलेली कालवं आणि पांढरट, टोकदार कवचांचे दाट ठिपके. हात फिरवला तर सालटं निघतात. ही कवचं भरतीचं पाणी नियमित पोचतं तिथवरच जगतात, त्यामुळे त्यांची वरची कड म्हणजे समुद्राने दगडावर स्वतः आखलेली भरतीची रेघ. त्या रेघेच्या खाली तुम्ही उभे असाल तर आजच्या आजच तिथे पाणी येणार आहे.

त्याच्याही वर एक काळा पट्टा दिसतो. तो दगडाचा रंग वाटतो, पण बारकाईने बघा, ते दगडावर चढलेलं अतिसूक्ष्म शेवाळ असतं. लाटांचे शिंतोडे उडतात तिथे ते वाढतं. कोरडं असताना पाय घट्ट बसतो, आणि एक शिंतोडा पडला की साबण. कातळावर पाय घसरतात ते बहुधा इथे, कारण हिरवं शेवाळ बघून माणूस सावध होतो आणि काळ्यावर निर्धास्त पाय टाकतो.

मग खळगे बघा. वरच्या अंगाच्या खळग्यात मिठाचा पांढरा पापुद्रा असेल, तर लाट तिथे काही दिवस आलेली नाही. तोच खळगा काठोकाठ भरलेला आणि पाणी स्वच्छ असेल, तर ती नुकतीच येऊन गेली. भोवतालचा दगड ओला, गडद दिसत असेल, तर गेल्या तासाभरातच. लाट पुन्हा तिथे येईल का, हा प्रश्न विचारत बसू नये. ती येते.

परत यायची वेळ जाण्याआधी ठरते

कातळावर अडकणारी माणसं बहुतेक वेळा पुढून आलेल्या पाण्याने अडकत नाहीत. ती मागून आलेल्या पाण्याने अडकतात. कातळ सपाट दिसला तरी तो तसा नसतो. टोकाचा उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये सखल चर असतात, आणि भरतीचं पाणी उंचवटा सोडून आधी या चरांत शिरतं. तुम्ही उभे आहात तो दगड कोरडा, पुढचा समुद्र अजून खाली, आणि पाठीमागे घरी जायची वाट मात्र पोटरीभर पाण्यात. जाताना मागे वळून वाटेतली सर्वांत सखल जागा कोणती ते बघून ठेवावं. परतीची वेळ त्या जागेवरून ठरते.

जायचं ते पाणी उतरत असताना, आणि परत फिरायचं ते पूर्ण ओहोटी लागण्याआधी किंवा लागताक्षणी. समजा ओहोटी बाराची आहे. साडेदहाला उतरावं आणि बाराला कोरड्या पुळणीवर यावं. सव्वाबारानंतर "अजून पाणी कुठे चढलंय" असं वाटतं, कारण पहिल्या तासात ते फारसं चढतच नाही. त्या तासाच्या भरवशावर राहू नये. बरोबर म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर त्यांच्या चालीचा हिशेब धरावा, आपल्या नव्हे. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. सगळ्यांनी एकदम घळीत डोकावू नये, एकाने मागे उभं राहून फक्त पाण्याकडे बघावं.

कुणी पाण्यात गेलाच, तर मागून उडी मारायची नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला अत्यंत कठीण आहे, पण अशा जागी एकाच्या पाठोपाठ दुसरा जातो तो याच उडीने. तरंगणारं काहीही फेकावं: झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरलेली पिशवी, दोरी. 112 ला फोन करावा, तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. गावात ओरडून सांगावं, कारण होडी आणि पाण्याची ओळख असलेली माणसं तिथेच आहेत. पाण्यात पडलेल्याने कातळ पकडायची धडपड करू नये, पुढची लाट त्याच कातळावर आपटते. फेसाळ पट्ट्यापासून दूर राहून पाठीवर तरंगावं, आणि जमेल तसं पुळणीकडे सरकावं.

कुणी तरी सांगायला हवं

बर्फावरच्या घसरणीच्या उतारांवर रोज सकाळी आधी गस्तीची माणसं जातात. बर्फ तपासतात, धोका असेल तर दोरी बांधून उतार बंद करतात. पाहुण्याने स्वतः ठरवायचं असं तिथे धरलेलंच नसतं. आइसलँडमध्ये रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे, तिथेही अवचित मोठ्या लाटा येऊन माणसं गेली. 2022 मध्ये तिथे लाटांच्या अंदाजावर चालणारे दिवे बसवले. लाल दिवा लागला की खाली उतरायचं नाही, वरूनच बघायचं.

मुंबईत 2016 च्या सुरुवातीला वांद्र्याच्या बँडस्टँडवर झालेल्या दुर्घटनेनंतर पोलिसांनी फोटोसाठी धोक्याच्या 16 जागा ठरवल्या. कोकणच्या किनाऱ्यावर अशा जागा शेकड्याने आहेत, आणि "पाण्यात जाऊ नये" एवढ्याच मजकुराची पाटी तिथे पुरत नाही. ती पाटी बारा महिने, चोवीस तास एकच सांगते, म्हणून ती कुणी वाचत नाही. ओहोटीला ती अनावश्यक वाटते आणि भरतीला तिची सवय झालेली असते.

हेदवीला एक साधा काळा फळा पुरेल. उमामहेश्वराच्या देवळाकडे येणाऱ्या वाटेवर, गाड्या थांबतात तिथे. रोज सकाळी त्यावर खडूने तीन ओळी लिहायच्या: आजची भरती किती वाजता, कातळावरून किती वाजेपर्यंत परत यायचं, आणि लाटांचा इशारा आहे की नाही. पहिल्या दोन ओळी कोष्टकातून निघतात, तिसरी इन्कॉइसच्या अंदाजातून. लिहायला पाच मिनिटं लागतात. संकष्टीला आणि सुट्टीच्या दिवशी फळ्यापाशी गावातला एक माणूस उभा राहिला तर आणखी चांगलं. त्याला समुद्र ठाऊक असतोच, त्याला फक्त तिथे उभं राहण्याचा अधिकार आणि रोजचा पगार द्यायला हवा.